पिल्लू ऐकत नाही, की आपणच त्याला भलतं शिकवतोय?

भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2025 रोजी दिल्ली परिसरासाठी आदेश दिला (ती पकडून निवाऱ्यांत ठेवावीत असा), 22 ऑगस्टला त्यात बदल केला, आणि तेव्हापासून कुत्र्यांचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. सोलापुरातही सोसायट्यांच्या बैठकांत आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हेच चालू आहे. या वादात एक गोष्ट बाजूला राहते. अंगावर धावून जाणारं, पोरांना चावणारं, दारात आलेल्या प्रत्येकावर तुटून पडणारं कुत्रं रस्त्यावरचंच असतं असं नाही. हौसेने आणलेलं, गादीवर झोपवलेलं पिल्लूही वर्षभरात तसं होऊ शकतं. ते टाळण्यासाठी करण्यासारखं बरंच काही घरच्या माणसांच्या हातात असतं आणि पिल्लू घरात येतं त्या दिवसापासूनच ते सुरू करावं लागतं.

ओळखीपाळखीचे लोक पिल्लू आणलं की मला फोन करतात. जुळे सोलापूर असो, होटगी रोड असो की अशोक चौक, तक्रार तीच. घरभर शू करतं, हातापायांना चावतं, चपला कुरतडतं, हाक मारली तर ढुंकूनही बघत नाही. आणि लागलीच पुढचा प्रश्न येतो, "ताई, दोन फटके दिले तर चालतील ना?" माझं उत्तर ठरलेलं आहे, नाही. पण नुसतं नाही म्हणून कुणाचं काम होत नाही. का नाही आणि मग करायचं काय, हे सांगावं लागतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

## पिल्लू शिकतं म्हणजे नेमकं काय होतं?

1898 मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या मांजरांना लाकडी पेट्यांमध्ये बंद केलं. खाणं बाहेर ठेवलेलं होतं. आतली दोरी ओढली किंवा कडी दाबली की दार उघडायचं. मांजर आधी ओरबाडायचं, ओरडायचं, गजांतून पंजा घालायचं आणि त्या धडपडीत कधीतरी चुकून दोरी ओढली जायची. त्याच पेटीत पुन्हा पुन्हा घातल्यावर मात्र वायफळ धडपड कमी होत गेली आणि मांजर सरळ दोरीकडे जाऊ लागलं. ज्या कृतीनंतर काही चांगलं घडतं ती कृती वाढते आणि जिच्यातून काहीच हाती लागत नाही ती हळूहळू विरते, असं थॉर्नडाइक यांनी त्यावरून मांडलं. पुढे बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर याचाच फार बारकाईने अभ्यास केला. चांगल्या परिणामामुळे कृती पक्की होण्याला मानसशास्त्राच्या पुस्तकांत 'प्रबलन' म्हणतात. आपण इथे बक्षीस म्हणू.

आता हे आपल्या घरात आणून पाहा. जेवायला बसलं की पिल्लू ताटाशी येऊन कुंईकुंई करतं आणि कुणीतरी "बिचारं" म्हणत भाकरीचा तुकडा टाकतं. ते अंगावर उडी मारतं आणि आपण दोन्ही हातांनी धरून त्याच्याशी बोलतो. ते भुंकतं आणि घरातले चारजण एकाच वेळी त्याच्याकडे बघून "ए गप्प!" म्हणतात. आपल्याला तो दम वाटतो. एकट्याने कंटाळलेल्या पिल्लाला मात्र चार माणसांचं लक्ष मिळालेलं असतं. तेच पिल्लू कोपऱ्यात शांत पडलेलं असतं तेव्हा कुणी त्याच्या वाटेला जात नाही. म्हणजे कुंईकुंईला, उडीला आणि भुंकण्याला बक्षीस मिळालं, शांत बसण्याला काहीच मिळालं नाही. म्हणूनच पिल्लू ऐकत नाही ही तक्रार मला पटत नाही. ते दिवसभर शिकत असतं, आपण काय शिकवतोय तिकडे आपलं लक्ष नसतं.

त्यामुळे नवीन पिल्लू आणणाऱ्याला मी पहिलं काम सांगते ते आज्ञा शिकवण्याचं नसतंच. पिल्लू आपणहून शांत बसलेलं, पडलेलं किंवा स्वतःचं खेळणं चघळताना दिसलं की जाता जाता त्याच्यापुढे खाऊचा एक दाणा ठेवायचा. बोलायचं नाही, कुरवाळायचं नाही. आठवडाभर घरातल्या सगळ्यांनी एवढंच केलं तरी घरातला गोंधळ कमी झालेला जाणवतो.

शिकण्याचा आणखी एक प्रकार रशियातल्या इव्हान पावलॉव्ह यांच्या नावाने ओळखला जातो. पचनक्रियेवरच्या कामासाठी त्यांना 1904 चं नोबेल मिळालं. त्याच कामात त्यांच्या लक्षात आलं, की खाणं तोंडात पडायच्या आधीच, खाणं आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी कुत्र्यांना लाळ सुटते. इथे कुत्रं मुद्दाम काही करत नाही. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडत राहिल्या की पहिलीच्या चाहुलीनेच दुसरीची भावना जागी होते. आपण पट्टा हातात घेतला की शेपूट हलू लागते ती यामुळेच. भीतीही अशीच जोडली जाते. तो विषय पुढे येईलच.

## सुरुवातीच्या आठवड्यांची घाई कशासाठी?

अमेरिकेतल्या जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी पिल्लांच्या वाढीवर अनेक वर्षं काम करून 1965 मध्ये ते प्रसिद्ध केलं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं, ऐकतं, हुंगतं ते त्याच्या दृष्टीने 'जगातलं नेहमीचं' ठरतं. काही पिल्लांत हा काळ चौदाव्या आठवड्यापर्यंत जातो. त्यानंतर नवीन गोष्टीकडे बघण्याचा कल उत्सुकतेकडून संशयाकडे झुकू लागतो.

आपल्या देशात 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. आई आणि भावंडांबरोबर खेळताना किती जोरात चावलं की समोरचं ओरडतं, हे पिल्लू याच काळात शिकतं. म्हणजे पिल्लू घरी आल्यावर आपल्या हातात उरतात जेमतेम चार ते सहा आठवडे. नेमक्या याच काळात लोक पिल्लाला घरात कोंडून ठेवतात, कारण लशी पूर्ण झालेल्या नसतात.

लशीची काळजी बरोबर आहे. पार्व्हो हा आजार पिल्लांचा जीव घेतो. जिथे इतर कुत्री फिरतात त्या जमिनीवर लस पूर्ण न झालेलं पिल्लू सोडू नये. पण कडेवर घेऊन फिरवायला काय हरकत आहे? प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेचंही म्हणणं असं, की लशीचा पहिला डोस होऊन आठवडा झाला की स्वच्छ, सुरक्षित जागी पिल्लाला इतर माणसांची आणि निरोगी कुत्र्यांची ओळख करून द्यायला सुरुवात करावी. संध्याकाळी कडेवर घेऊन सात रस्त्याच्या कोपऱ्यावर दहा मिनिटं उभं राहा. रिक्षा, बुलेट, हेल्मेट घातलेला माणूस, बुरख्यातली बाई, नऊवारीतल्या आजी, काठी टेकत चाललेले आजोबा, बैलगाडी, भाजीची हातगाडी असं सगळं एका जागी दिसतं. प्रत्येक नवीन गोष्ट दिसली की एक दाणा. पिल्लू घाबरून अंग चोरायला लागलं तर दोन पावलं मागे सरकायचं, पुढे ढकलायचं नाही. पूर्व भागातल्या घरांत वाढलेली कुत्री यंत्रमागांच्या खडखडाटात निवांत झोपतात. मागाच्या आवाजाची त्यांना या वयातच सवय झालेली असते.

फटाक्यांचंही असंच. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, त्या रात्री पलंगाखाली थरथरत बसलेली कितीतरी कुत्री आसपासच्या घरांत सापडतील. पिल्लू लहान असतानाच मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून त्याला खायला घालावं आणि काही आठवड्यांत, त्याच्या कलाने, आवाज वाढवत न्यावा. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. भीती ही भावना आहे, मुद्दाम केलेली कृती नाही. ती बक्षिसाने वाढत नाही. जवळ यायचं असेल तर येऊ द्या.

## बक्षीस कशाचं, किती, केव्हा?

त्या क्षणी पिल्लाला जे हवं आहे ते बक्षीस. बहुतेक वेळा ते खाणं असतं. पण चेंडू, दोरीची ओढाओढी, दार उघडणं, झाडाचं खोड मनसोक्त हुंगू देणं, हेही बक्षीसच.

घरात, जिथे लक्ष विचलित करणारं काही नाही, तिथे त्याच्या रोजच्या खाण्यातले दाणे किंवा कडक भाकरीचा चुरा चालतो. रस्त्यावर म्हैस चाललेली असताना तोच चुरा त्याच्या लेखी काहीच नसतो. तिथे मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं किंवा पनीर लागतं. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढाच ठेवा. पिल्लू तुकड्याचा आकार मोजत नाही, किती वेळा मिळाला ते त्याला महत्त्वाचं वाटतं. दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त खाऊ होऊ देऊ नका आणि तेवढं जेवण कमी करा.

काय द्यायचं नाही हे आपल्या जिल्ह्यात जास्त काळजीने सांगायला हवं. द्राक्षं आणि बेदाणे घरोघरी असतात आणि प्रेमाने पिल्लापुढे टाकले जातात. त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. थोड्याशा बेदाण्यांनीही त्रास झालेली कुत्री असतात, म्हणून एकसुद्धा नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींचं नुकसान करतात, त्यामुळे लसूण घातलेली शेंगाचटणी लावलेली भाकरी नको. चॉकलेट नको. शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल तर अगदी थोडं पोटात गेलं तरी धोक्याचं आहे. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या टोकदार कपच्या होतात.

आता वेळेबद्दल, कारण बहुतेकांचं इथेच बिनसतं. चांगली कृती आणि बक्षीस यांच्यात सेकंदभराचंच अंतर असावं. पिल्लू बसलं, आपण "अरे वा" म्हणत स्वयंपाकघरात गेलो, डबा उघडला, परत आलो आणि तोवर ते उठून उड्या मारू लागलं. आता दिलेला तुकडा उड्यांना मिळाला.

पण प्रत्येक वेळी सेकंदात तुकडा पोचवणं जमेलच असं नाही. त्यावर उपाय पाण्यातल्या प्राण्यांना शिकवणाऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर वापरला. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, त्याला मारता येत नाही, तो नुसता पोहत लांब निघून जातो. तो उडी मारतो तेव्हा हवेत मासा पोचवणंही शक्य नसतं. म्हणून उडीच्या नेमक्या क्षणी शिट्टी वाजवायची आणि मासा नंतर द्यायचा. शिट्टी म्हणजे 'हेच हवं होतं, मासा येतोय'. 1960 च्या दशकात हवाईमध्ये डॉल्फिनना असं शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी पुढे ही रीत कुत्री पाळणाऱ्यांपर्यंत पोचवली. शिट्टीच्या जागी 'टक' असा आवाज करणारी छोटी डबी आली, तिला क्लिकर म्हणतात. क्लिकर नसला तरी अडत नाही. 'येस' किंवा 'हां' असा एक तुटक शब्द ठरवा. आधी दहा-पंधरा वेळा नुसता शब्द आणि लगेच तुकडा असं करा, म्हणजे पिल्लाच्या मनात दोन्ही जोडले जातात. इथे पावलॉव्ह कामी येतात. त्यानंतर तो शब्द बोललात की तुकडा द्यायचाच. फसवायचं नाही.

## 'बस' शिकवून पाहू

जेवणाआधीची वेळ निवडा. टीव्ही बंद, घरातली पोरं बाजूला. शहाबादी फरशीवर पिल्लू घसरत असेल तर खाली सतरंजी किंवा जुनी चादर घाला. तुकडा अंगठा आणि दोन बोटांत धरून पिल्लाच्या नाकाला टेकवा. ते चाटू लागेल, चाटू द्या. मग हात अगदी सावकाश त्याच्या डोक्यावरून मागे, शेपटीच्या दिशेने न्या. हात वर उचलला तर ते उडी मारतं, म्हणून नाकाच्या जवळूनच न्यायचा. नाक वर गेलं की मागचा भाग आपोआप खाली येतो. तो फरशीला टेकला त्या क्षणी "येस" आणि तुकडा. पाठीवर दाबून बसवायचं नाही. दाबलं की ते उलट जोर लावतं आणि लक्ष शिकण्यावरून उडून आपल्या हातावर जातं.

चार-पाच वेळा असं झालं की रिकाम्या हाताने तीच खूण करा आणि तुकडा दुसऱ्या हातातून द्या. हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर हातात काही दिसल्याशिवाय पिल्लू हलत नाही. शब्द सगळ्यात शेवटी. खुणेला ते खात्रीने बसू लागलं की खुणेच्या जरा आधी "बस" म्हणा. एकदाच. "बस, बस, अरे बस की" असं चालू ठेवलं तर पिल्लाला वाटतं सातव्या 'बस'ला बसायचं असतं. एका वेळी तीन-चार मिनिटं पुरेत, दिवसातून तीन-चारदा.

सोलापुरात एक अडचण हमखास येते. माझ्या ओळखीच्या एका तेलुगू भाषक घरात आजी "कूर्चो" म्हणायच्या, वडील "सिट" आणि शाळेत जाणारी मुलगी "बस". पिल्लू बसायचं ते मुलीपुढेच, आणि सगळे म्हणायचे पोरीवर त्याचा जीव आहे. मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून रोज पाच मिनिटं त्याच्याबरोबर घालवत होती, तिचा शब्द आणि खूण कधी बदलत नव्हती, एवढंच त्यातलं रहस्य होतं. सगळ्यांनी तिची हाताची खूण उचलली, शब्द आजींचा ठेवला आणि आठवड्यात ते पिल्लू आजींच्या समोरही बसू लागलं. आजी त्याला अजूनही "अरे बाबा, कूर्चो" म्हणतात. मराठी, तेलुगू, कन्नड, कुठलाही शब्द चालतो, घरात एकच असावा.

## "ही तर लाच झाली"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो विचार करण्यासारखा आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कुणालाही उचल आणि मजुरी यातला फरक सांगायला नको. उचल कामाच्या आधी हातात पडते, मजुरी काम झाल्यावर. पिल्लू सोफ्याखाली चप्पल घेऊन बसलंय, आपण बिस्किट दाखवून "ये ये" करतोय आणि ते बाहेर आलं, ही उचल झाली. उद्या ते आधी बिस्किट बघेल आणि मगच ठरवेल. शिकवताना आपण तुकडा लपवून ठेवतो, काम सांगतो, ते झाल्यावर तुकडा देतो. ही मजुरी. सुरुवातीला नाकापुढे तुकडा धरून वाट दाखवावी लागते हे खरं, म्हणूनच चार-पाच वेळांनंतर हात रिकामा करायचा.

यापुढचा प्रश्न असतो, मग जन्मभर खिशात चिकन घेऊन हिंडायचं का? नाही. कृती पक्की होईपर्यंत दर वेळी द्यायचं, मग अधूनमधून, कधी दुसऱ्या वेळी, कधी पाचव्या वेळी, अंदाज येऊ न देता. स्किनर यांच्या प्रयोगांतून दिसलं, की दर वेळी मिळणारं बक्षीस बंद झालं तर कृती लवकर थांबते, पण अनियमित मिळणाऱ्या बक्षिसाने पक्की झालेली कृती फार चिवट असते. ताटाशी भीक मागणारं कुत्रं महिन्यातून दोनदा तुकडा मिळाला तरी ती सवय सोडत नाही, त्याचं कारण हेच. एका कृतीचं बक्षीस मात्र मी कधीच बंद करू देत नाही. हाक मारल्यावर येण्याचं. विजापूर रोडवर पट्टा हातातून सुटला तर तीच एक गोष्ट त्याचा जीव वाचवते. आणि हाक मारून जवळ आलेल्या पिल्लाला कधीही रागवायचं नाही, मग त्याने आधी काहीही केलेलं असो.

## घरभर शू, आणि तो 'अपराधी' चेहरा

दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला शू फार वेळ धरून ठेवता येत नाही. महिन्यांत वय धरा, त्यात एक मिळवा, तेवढे तास म्हणजे त्याची कमाल मर्यादा. जागं असताना त्याहून कितीतरी कमी. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यायचं, गप्प उभं राहायचं आणि काम उरकल्या उरकल्या तिथेच, जागेवरच, खाऊ द्यायचा. घरात आल्यावर दिलेला खाऊ घरात येण्याचा होतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी बाल्कनीत कागद किंवा ट्रे ठेवावा आणि नंतर हळूहळू बाहेरची सवय लावावी.

चुकून घरात झालं तर मुकाट्याने पुसायचं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरात हे जिवावर येतं, मला मान्य आहे. पण वास पूर्ण गेला नाही तर पिल्लू पुन्हा तिथेच जातं आणि नुसत्या फिनाइलने तो वास जात नाही. एन्झाइम असलेलं क्लीनर मिळतं, ते वापरलं की पाणीही कमी लागतं. नाक त्यात घासणं हा अघोरी प्रकार आहे. त्यातून पिल्लू शिकतं ते इतकंच, की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते कपाटामागे जातं, आणि बाहेर नेल्यावरही आपल्यासमोर करत नाही.

"पण त्याला कळतं की, बघा कसं तोंड करतं!" हेही नेहमीचं. 2009 मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने हे तपासून पाहिलं. कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खरंच खाल्ला होता की नाही, याच्याशी त्या 'अपराधी' चेहऱ्याचा संबंध दिसला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसायचा, आणि काहीच न केलेल्या कुत्र्यांच्या तोंडावरही दिसायचा. कान मागे, नजर खाली, शेपूट आत, हे सगळं 'रागवू नका' असं सांगणं असतं. तासाभरापूर्वीच्या शूशी त्याने ते जोडलेलं नसतं.

## हाताला चावणं

पिल्लू तोंडाने जग तपासतं. शिवाय साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून नवे येतात तेव्हा हिरड्या शिवशिवतात. दात कातडीला लागले की खेळ थांबवा, हात बांधून उभे राहा, वीसेक सेकंद त्याच्याकडे बघू नका. मग चावायला हक्काची वस्तू द्या. आपल्याकडे यासाठी उत्तम वस्तू घराघरात आहे. जुना सोलापुरी टॉवेल भिजवून, पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवा आणि आपण समोर असताना चघळायला द्या. धागे निघू लागले की काढून घ्या, गिळलेले धागे आतड्यात अडकतात.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. पिल्लाला दिवसाचे अठरा ते वीस तास झोप लागते. संध्याकाळी पाहुणे, मुलं, आरडाओरडा यात ती झोप मिळाली नाही की ते पिसाटल्यासारखं चावत सुटतं. अशा वेळी शिकवायला जाऊ नका, अंधाऱ्या कोपऱ्यात झोपवा.

## "मारल्याशिवाय कुत्रं सुधारत नाही, त्याला मालक कोण ते कळलं पाहिजे"

मालकी गाजवण्याची ही कल्पना लांडग्यांवरच्या अभ्यासातून आली. 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या, एकमेकांशी नातं नसताना एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची वरचढपणासाठीची भांडणं नोंदवली. त्यावरून 'अल्फा' हा शब्द पसरला. पुढे जंगलातल्या लांडग्यांचा अनेक वर्षं अभ्यास करणाऱ्या डेव्हिड मेक यांनी 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं, की नैसर्गिक कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं असं कुटुंब असतं, तिथे रोज सिंहासनासाठी लढाई नसते. आणि आपलं पिल्लू लांडगा नव्हे. सतरंजीवर शू करून ते आपली सत्ता उलथवत नसतं.

मारल्याने कृती थांबते का? त्या क्षणी थांबते, आणि म्हणूनच मारणाऱ्याला वाटतं की उपाय लागू पडला. पण आता पावलॉव्ह आठवा. पाहुण्यांवर भुंकलं म्हणून मार मिळाला तर पिल्लाच्या मनात पाहुणा आणि वेदना जोडले जातात. पुढच्या वेळी पाहुणा दिसला की ते आधीच ताणलेलं असतं. गुरगुरलं म्हणून मारलं तर ते गुरगुरणं सोडतं, भीती मात्र तशीच राहते. मग एक दिवस ते पूर्वसूचना न देता चावतं आणि लोक म्हणतात, अचानक चावलं.

2020 मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या वर्गांतली 92 कुत्री तपासली. जिथे ओरडणं, पट्ट्याला झटके देणं असे प्रकार जास्त होते तिथल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, शिकवणीनंतर जास्त वाढलेलं आढळलं. अमेरिकी पशुवैद्यांच्या ज्या संघटनेचा उल्लेख वर आला, तिने 2021 मध्ये सगळ्याच कुत्र्यांसाठी बक्षिसाची पद्धत सुचवली, त्रास देणाऱ्या पद्धतींना जागाच ठेवली नाही. आपल्याकडे जनावराला मारून विनाकारण वेदना देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

याचा अर्थ पिल्लाला काहीही करू द्यायचं असा मुळीच नाही. चपला कपाटात, कचऱ्याचा डबा झाकलेला, स्वयंपाकघराला जाळीचं दार, अंगावर उडी मारली की पाठ फिरवणं, या सगळ्या मर्यादाच आहेत आणि त्या कडकपणे पाळायच्या असतात. चार पाय जमिनीवर असतील तेव्हाच हात डोक्यावर, हा नियम आजोबांनाही लागू.

## "आमचं मुधोळ आहे, त्याला हे चालत नाही"

चालतं. शिकण्याचे नियम गावठी, लॅब, पॉम, मुधोळ, कारवानी सगळ्यांना सारखेच, हवं असतं ते वेगळं असतं. मुधोळ आणि कारवानी ही नजरेने शिकार हेरून धावणारी जात. हलणारी वस्तू दिसली की त्यांचं भान सुटतं आणि खाण्यापेक्षा पळायला मिळण्याची किंमत त्यांच्या लेखी जास्त असते. त्यांना चिंधी बांधलेल्या दोरीमागे पळू देणं हेच बक्षीस करा. मोकळ्या माळावर लांब दोरीशिवाय सोडू नका. गावठी पिल्लं मी पाहिलेल्यांत सगळ्यात चटकन शिकतात, हे माझं स्वतःचं निरीक्षण. ती नवख्या माणसाला जरा जास्त जोखतात, म्हणून त्यांना लहानपणीच माणसांत आणणं अधिक गरजेचं.

सोलापूरच्या उन्हाबद्दल एकच सांगते. एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांच्या वर जातो आणि डांबर त्याहून कितीतरी तापतं. हाताच्या पंजाची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर पिल्लाचे पाय तिथे पोळणार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. त्या दिवसांत शिकवणी पहाटे आणि रात्री, दुपारी पंख्याखाली झोप.

## बक्षिसाने जे सुटत नाही

नीट शू करणारं पिल्लू अचानक घरात करू लागलं, हात लावला की गुरगुरू लागलं, खाणं सोडलं, तर आधी पशुवैद्याकडे जा. मूत्रमार्गाचा संसर्ग, कानदुखी, पोटातले जंत यांवर खाऊ हा उपाय नाही. खाण्याच्या भांड्याजवळ गेल्यावर अंग ताठ करून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत गुरगुरणारं पिल्लू असेल तर भांडं हिसकावून 'हिंमत मोडायला' जाऊ नका. लांबून चालत जा, भांड्यात चांगला तुकडा टाका आणि परत फिरा. दिवसेंदिवस अंतर कमी करा. घरात लहान मूल असेल किंवा पिल्लाने एकदा जरी रक्त काढलं असेल तर हे स्वतःच्या हिमतीवर न करता वर्तनाची माहिती असलेल्या पशुवैद्याच्या देखरेखीखाली करा. शॉकचा पट्टा आणि काठी हातात घेऊन येणाऱ्या ट्रेनरला घरात घेऊ नका. 'तुम्ही बाहेर थांबा, मी शिकवतो' म्हणणाऱ्यालाही नको.

रेबीजची पहिली लस साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात, पुढचा डोस आणि दरवर्षीची लस पशुवैद्य सांगतील तशी. शिकवताना दात लागून कातडी फाटली, रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट असलं काही भरू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पिल्लाच्या लशीचं कार्ड सोबत न्या, पण सगळे डोस झालेत म्हणून जाणं टाळू नका.